अल्फान्सोचं बोट

गोराईत बेलाच्या बकऱ्या सगळ्यांच्या ओळखीच्या होत्या. चर्चमागच्या वाडीतून निघून त्या खाडीच्या अंगाला चरायला जायच्या आणि ऊन उतरलं की आपल्या आपण घरी यायच्या. बेलाने त्या हौसेने पाळल्या नव्हत्या. तिच्या नवऱ्याच्या, अल्फान्सोच्या, दोन्ही किडन्या बसल्या तेव्हा तिने स्वतःची एक काढून त्याला दिली. त्यानंतर बोरिवलीच्या शाळेच्या किचनमधली मोठाली पातेली उचलणं तिला झेपेना, म्हणून नोकरी सोडली. मागे वाडी होती, विहिरीला पाणी होतं, त्यावर बकऱ्या आल्या.

अल्फान्सो वायरमन. अर्धं आयुष्य त्याने जुहूच्या हॉटेलांमध्ये काढलेलं. भिंतीत हात घालून, न बघता, नुसत्या बोटांनी तो वायर शोधून काढायचा असं त्याचे सोबती अजून सांगत. आता मात्र तो ओट्यावर बसून असे. शरीराने बेलाची किडनी परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी त्याला रोज गोळ्या घ्याव्या लागत, आणि त्या गोळ्या शरीराची लढायची ताकदच कमी करून ठेवत. ही ताकद जन्मभर कमीच ठेवायची होती. त्यामुळे डॉक्टरांनी गर्दी नको, माती नको, शिळं नको असं सांगितलेलं, आणि जनावराला तर हात लावायचा नाही म्हणून बजावलेलं. बेलाने बकऱ्या आणायच्या आधी मुद्दाम विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ''तुम्ही पाळा, पण ते जवळ जाणार नाहीत.'' तेव्हापासून विहीर ही हद्द ठरली. पलीकडे बकऱ्या, अलीकडे अल्फान्सो. अलीकडे बसून तो शेजारपाजारचे मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायचा. कुणी केळी आणून द्यायचं, कुणी बोंबील. घरात दिवसभर काहीतरी खुटखुट चालू असायची आणि बेलाला ते बरं वाटायचं.

दिवाळीनंतर बेलाने उत्तनच्या अनंतकडून एक दुभती बकरी आणि तिची दोन करडं आणली. त्यातल्या एका करडाच्या ओठाच्या कोपऱ्यात मसुराएवढी काळी खपली होती.

''काटा लागला असंल,'' अनंत म्हणाला.

बेलालाही तसंच वाटलं. करडं कुठेही तोंड घालतात.

आठवडाभरात ती खपली दोन्ही ओठांवर पसरली. दुसऱ्या करडाच्या तोंडाला आधी लाल ठिपके आले, मग पाणी भरलेले फोड, मग ते फुटून तपकिरी, जाड, खरबरीत खपल्या, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या एकमेकींवर चढलेल्या. पाठोपाठ बेलाची आधीची तीन करडंही तशीच झाली. ती आईजवळ जायची, सड तोंडात घ्यायची आणि ओठ दुखले की सोडून द्यायची. मग आयांच्या सडांनाही फोड आले. करडू जवळ आलं की बकरी लाथ मारायची. वाडीत दिवसभर नुसतं केकाटणं चालू.

बेलाने बोरिवलीहून गुरांची डॉक्टर बोलावली. श्रुतिका तिचं नाव, वय तिशीच्या आत. लाँचने खाडी उतरून चिखल तुडवत ती वाडीत आली, हातमोजे चढवले आणि एका करडाचा ओठ हळूच उलटून पाहिला. आतल्या हिरड्यासुद्धा सोलवटल्या होत्या.

''मावा आहे हा,'' ती म्हणाली. ''एकाला झाला की सगळ्या करडांना होतो. औषधाने जात नाही, आपला तीन-चार आठवडे राहतो आणि जातो. पण एक लक्षात ठेवा, बेलाताई, करडू माव्याने मरत नाही. उपाशी राहून मरतं. दूध काढा आणि बाटलीने पाजा. काही झालं तरी पोटात घाला.''

''आणि ह्या खपल्या?''

''ओढून काढायच्या नाहीत. रक्त आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. परमँगनेटचं गुलाबी पाणी करून धुवा, वरून ग्लिसरीनमध्ये बोरिक पावडर कालवून लावा. माश्या बसू देऊ नका, नाहीतर किडे पडतील. तसं काही दिसलं तर मला फोन करा, मग इंजेक्शन लागेल. चांगल्या बकऱ्यांचं आधी करायचं, आजाऱ्यांचं शेवटी. आणि गळून पडलेली खपली दिसली की उचलून जाळायची. वाळक्या खपलीत हा रोग महिनोन्महिने टिकून राहतो.'' तिने मोजे उलटे करून काढले. ''माणसालाही होतो. हाताला फोड येतो. तुमच्या-माझ्यासारख्याचा महिन्या-दीड महिन्यात सुकतो. घरात कुणी आजारी आहे?''

बेलाने किडनीचं सांगितलं. श्रुतिकाने मान वळवून विहिरीपलीकडच्या ओट्याकडे पाहिलं. अल्फान्सो डोळ्यांना भिंग लावून कसली तरी मोटर उघडत होता.

''त्यांना इकडे अजिबात येऊ देऊ नका,'' ती म्हणाली. ''तुम्हीसुद्धा कपडे बदलून, हात धुऊन घरात जा.''

बेलाने ते सगळं केलं. वाडीच्या कडेला पत्रा लावून तिने कपडे बदलायला आडोसा केला. पाचही करडांना धरून, मांडीत घेऊन, ती बाटली लावायची. चार कशीबशी प्यायची. पाचवं, कानाशी पांढरा पट्टा असलेलं, बाटलीचं रबर तोंडाला लागलं की मान फिरवायचं. ओठ फाटलेले, त्यावर रबर टोचायचं. बेला त्याला चमच्याने पाजायची. निम्मं आत, निम्मं बाहेर. अल्फान्सो ओट्यावरून विचारायचा, ''प्यालं काय गो ते?''

''प्यालं थोडं.''

''थोडं म्हणजे किती?''

''तू तुझं काम कर ना.''

आणि नेमकी तेव्हाच बेलाची वसईची थोरली बहीण वारली. बेलाला जाणं भाग होतं. एक रात्र राहून मातीनंतर परतायचं ठरलं. तिने अल्फान्सोच्या पुतण्याला, वेनला, सगळं समजावलं. वेन समुद्राकडच्या एका बंगल्यावर केअरटेकर होता. हातमोजे, बाटल्या, गुलाबी पाणी, कुणाला आधी, कुणाला शेवटी, हे सगळं त्याने नीट ऐकून घेतलं.

वसईहून बेलाने फोन केला तेव्हा अल्फान्सो म्हणाला, ''वेन येऊन गेला. प्याली सगळी. तू तिकडचं बघ.''

परतली तेव्हा खरंच सगळ्यांची पोटं भरलेली होती. पांढऱ्या पट्ट्याचं करडू तर उभं राहून शेपूट हलवत होतं. बेलाने वेनला फोनवरच शाबासकी दिली. तो पलीकडून ''हां, काकी'' एवढंच म्हणाला. तिला वाटलं, कामात असेल.

त्यानंतर काही दिवसांनी अल्फान्सोच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला पट्टी दिसली. स्क्रू-ड्रायव्हर सटकला, असं तो म्हणाला. वायरमनच्या हाताला पट्टी ही काही नवलाई नव्हती. पण पट्टी जाईना. उलट ती जाड होत गेली. तो घास डाव्या हाताने घ्यायला लागला. रविवारी चर्चमध्ये मिसाला गर्दी टाळून मागच्या बाकावर बसला तेव्हा उजवा हात पँटच्या खिशात.

''दाखव,'' घरी आल्यावर बेला म्हणाली.

''काय नाय त्यात.''

''अल्फान्सो, दाखव.''

त्याने पट्टी सोडली. शेवटचा पदर चिकटून बसला होता, तो तिने पाण्याने भिजवून सोडवला. खाली एक गाठ होती, जांभळाएवढी. कडेला लाल, आत पांढुरकं वलय, मधोमध काळपट ओली खपली. बेलाने जन्मात माणसाच्या अंगावर असं काही पाहिलं नव्हतं, पण तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. गेले कित्येक दिवस सकाळ-संध्याकाळ ती हेच बघत होती, हेच धूत होती.

ती म्हणाली, ''तू त्यांना हात लावलास.''

त्याने हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाला, ''वेनला ओरडू नको. त्याच्या बंगल्यावर अचानक पार्टी आली, त्याला सोडलं नाय. मी म्हटलं, मी बघतो.''

''आणि मला फोनवर खोटं सांगितलंस.''

''तू बहिणीला पुरायला गेली होतीस. काय सांगणार होतो?'' तो बोटाकडे बघत होता. ''ग्लोव्हज घातले होते मी. चौघं प्याली. ते पट्ट्याचं पित नव्हतं. बाटली नको, चमचा नको, ग्लोव्हजचा हात पण नको त्याला. ओरडून ओरडून आवाज बसला त्याचा. मग काढला ग्लोव्हज. बोट दुधात बुडवून दिलं तर चोखायला लागलं. दात लागला असंल जरा.''

''किती वेळा पाजलंस असं?''

''तू आलीस तोपर्यंत.''

बेलाने जुनी पट्टी जाळायला बाजूला टाकली. तो आपणहून म्हणाला, ''ते पीत होतं ना गो, बरं वाटलं. दोन वर्षं झाली, नुसता बसलोय. म्हटलं एवढं तरी आपल्याच्यानं होतं.''

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तिच्या कुशीत, उजव्या बाजूला, शिवणीचा लांबच लांब व्रण होता, पाऊस आला की अजून ओढायचा. त्या व्रणातून निघालेली किडनी याने एका करडासाठी पणाला लावली होती. तिने नवी पट्टी बांधली, कपडे भरले आणि दोघं पुढच्या लाँचने निघाली.

हॉस्पिटलमध्ये तिने काहीही न लपवता सांगितलं, बकऱ्यांना मावा झालाय आणि याने उघड्या हाताने पाजलंय. किडनीच्या डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं, श्रुतिकाला फोन लावून खात्री करून घेतली आणि गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. तोच रोग निघाला.

''धडधाकट माणसाला झाला असता तर मी म्हटलं असतं, घरी जा, आपोआप सुकेल,'' डॉक्टर म्हणाले. ''यांच्या शरीराला लढायची परवानगीच आपण दिलेली नाही. म्हणून ही गाठ थांबत नाहीये.''

ती थांबली नाही. जांभळाची सुपारी झाली, सुपारीचा टोमॅटो. नुसता कपडा लागला तरी भळाभळा रक्त यायचं. डॉक्टरांनी ती भूल देऊन खरवडून काढली, वरून मलम लावलं. थोड्याच दिवसांत ती त्याच जागी परत उगवली. पुन्हा काढली, पुन्हा आली. मग डॉक्टर म्हणाले, ''एक मार्ग आहे, पण तो धोक्याचा आहे. गोळ्या थोड्या कमी करून बघू. शरीर या रोगाशी लढेल. पण तेच शरीर किडनीशीही भांडायला उठेल.''

गोळ्या कमी केल्या. गाठ जरा ओसरल्यासारखी वाटली. बेला रोज बोट बघायची आणि रोज रक्ताच्या रिपोर्टची वाट बघायची. रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन चढायला लागलं, म्हणजे किडनी कुरकुरत होती. गोळ्या पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. गाठीने उचल खाल्ली. त्यात दुसरे जंतू शिरले, सूज तळहाताकडे उतरली, ताप आला.

याच दिवसांत वेनचा फोन आला. बेला हॉस्पिटलात राहायला लागल्यापासून करडांचं तोच बघत होता, कामावरून सुट्टी घेऊन. कुणी त्याला काही म्हटलं नव्हतं, आणि तोही त्यावर काही बोलत नव्हता. ''काकी, ते पट्ट्याचं गेलं,'' तो म्हणाला. ''चमच्याने पाजत होतो. ठसका लागला, मग पडूनच राहिलं. बाकीची चारी सुकलीत, याचंच पुन्हा उलटलं होतं.''

''पुरलंस?''

''खोल पुरलं. चुना टाकला.''

ती वॉर्डात आली तेव्हा अल्फान्सो तिच्या तोंडाकडे बघत होता. ''वेनचा फोन होता ना? ते जगलं काय गो?''

तिला खोटं बोलता आलं असतं. घरात एक खोटं आधीच होऊन गेलं होतं. ''नाय,'' ती म्हणाली. ''काल मेलं.''

त्याने भिंतीकडे कूस केली. हात तेवढा उशीवर तसाच, पट्टीत गुंडाळलेला, उचलून ठेवलेला.

दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी नॅटली सांताक्रूझहून आली. ती विमानतळावर कामाला होती, ड्युटी संपवून गणवेशावरच आलेली. डॉक्टरांनी तिघांना बसवून सांगितलं की आता बोट काढावं लागेल, मुळापासून. सूज हातात पसरली तर पंजा जाईल, आणि त्यासाठी लागणारी जोरदार औषधं किडनीला झेपणार नाहीत.

''उजवा हात आहे, डॉक्टर,'' नॅटली म्हणाली. ''ते वायरमन आहेत. गोळ्या आणखी कमी करून बघा ना. थोडे दिवस.''

''बघू शकतो. किडनी गेली तर परत डायलिसिस.''

''मग दुसरी किडनी. मी देईन.''

''नॅटली, गप,'' अल्फान्सो म्हणाला.

''का गप? पापा, तुमचे हात आहेत म्हणून तुम्ही तुम्ही आहात. बोट गेलं तर घरी बसून करणार काय?'' मग ती आईकडे वळली. ''आणि ममा, तुला बकऱ्या कुणी आणायला सांगितल्या होत्या? घरात असा पेशंट असताना? मी महिन्याला देते ते पुरत नव्हतं?''

हाच प्रश्न बेला कितीतरी दिवस स्वतःला विचारत होती. खपली मसुराएवढी होती तेव्हा तिने ती पाहिली होती. काटा, असं म्हणून ते करडू हातात घेऊन घरी आणलं होतं.

अल्फान्सोने डाव्या हाताने नॅटलीचं मनगट धरलं. ''आईला बोलू नको. मी गेलो तिकडे, तिने नेलं नाय.'' मग तो डॉक्टरांना म्हणाला, ''काढून टाका. बोट माझं हाय. किडनी हिची हाय. माझं काय जायचं ते जाऊ दे.''

बेला उठून बाहेर आली. कॉरिडॉरच्या टोकाला खिडकी होती, खाली गाड्या लावल्या होत्या. ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. इतके दिवस तिने राग जपून ठेवला होता. कधीतरी तो बरा होऊन घरी येईल, तेव्हा ओट्यावर बसवून त्याला सगळं सुनावायचं होतं. आता तो राग कुठे ठेवायचा ते तिला कळेना. तिला रडूही आलं नाही.

बोट काढलं. हात वाचला, किडनी वाचली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर केलं. घरी सोडताना त्यांनी पुन्हा बजावलं, ''जनावरं घराजवळ नकोत. एकही नको.''

चारही करडांची तोंडं तोवर स्वच्छ झाली होती. नवी गुलाबी कातडी, जणू काही झालंच नव्हतं. मालवणीहून एक जण बघायला आला. बेलाने त्याला मावा झाल्याचं सांगितलं. श्रुतिका म्हणाली होती की बरं झालेलं करडू लगेच कुणाला लावत नाही, पण केसांत खपल्यांचा चुरा राहतो, नव्या कळपात नेऊ नका. तो माणूस चहा न पिता गेला. मग बेलाने वेनला भाड्याचा टेंपो आणायला सांगितला आणि बकऱ्या उत्तनला, अनंतकडेच नेल्या. त्याच्याकडे हा रोग आधीपासून होता. तिथे नव्याने बिघडण्यासारखं काही नव्हतं.

अनंतच्या अंगणात नवी करडं होती, दोघांच्या ओठांवर खपल्या. त्याची छोटी नात त्यातलं एक कडेवर घेऊन फिरत होती.

''खाली ठेवायला सांग तिला,'' बेला म्हणाली. ''हाताला होतो.''

''त्याला काय होतं?'' अनंत म्हणाला. ''येतं न् जातं. दर साली येतं. हिला विचार.'' त्याने बायकोकडे बोट केलं.

बायकोने दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर तीन-चार फिकट डाग होते, नीट बघितल्याशिवाय न दिसणारे. ''महिनाभर ठसठसतं,'' ती म्हणाली. ''मग सुकतं. आम्ही हळद लावतो.''

बेलाने त्या हातांकडे पाहिलं. वाटेत तिने अनंतला सुनवायला बरंच काही जुळवून ठेवलं होतं, पण यांना ठाऊकच नव्हतं, आणि यांच्या घरात ठाऊक असायची वेळ कधी आली नव्हती. तिने एवढंच सांगितलं की तिच्या नवऱ्याचं बोट काढावं लागलं. का, तेही सांगितलं. अनंत ऐकत राहिला. शेवटी तो नातीकडे गेला आणि करडू तिच्या कडेवरून काढून घेतलं. बायको आतून साबण घेऊन आली. बेला वेनला म्हणाली, ''चल.''

दुसऱ्या दिवशी ती शेड साफ करायला गेली. वेनने वरचा गवताचा थर ओढून जाळला होता. तिने खालची माती फावड्याने खरवडली, ती पाटीने भरून खाडीपासून लांब खड्ड्यात टाकली, बांबू धुतले, जमिनीवर चुना पसरला. चुन्याने नाका-डोळ्यांत चुरचुरत होतं. उजव्या कुशीतला व्रण ओढत होता, ती मधून मधून थांबत होती.

अल्फान्सो विहिरीच्या अलीकडे खुर्चीवर बसला होता. हाताची पट्टी छोटी झाली होती. शेजारच्यांचा एक टेबलफॅन हॉस्पिटलात जाण्याच्या आधीपासून ओट्यावर उघडून पडला होता. तो त्याने आज पुढ्यात घेतला होता. स्क्रू-ड्रायव्हर मधल्या बोटात आणि अंगठ्यात धरायचा प्रयत्न करत होता. दोनदा तो हातातून निसटून फरशीवर पडला. बेलाने दोन्ही वेळा आवाज ऐकला आणि वर पाहिलं नाही.

''वेन करील तो पंखा,'' थोड्या वेळाने ती म्हणाली.

''वेनला काय येतं?''

''तू शिकव मग त्याला.''

वाकून त्याने डाव्या हाताने स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

''बेला,'' तो म्हणाला, ''फार शांत वाटतं गो वाडीत.''

''हं,'' ती म्हणाली. पाटीत अजून चुना शिल्लक होता. मागच्या भिंतीशी, जिथे करडं रात्री एकमेकांना चिकटून झोपायची, तिथे तिने तो ओतला आणि झाडूने सारखा केला.